देव्हाऱ्यातली बिजली

घरात गुपित ठेवावं तर मीच! माझी लेक श्रुतिका आत्ताच मांडीवर झोपलीय, ती उठायच्या आत सांगून टाकते.

आमचे सासरे, गोमाजीराव, पोलिसांच्या श्वानपथकात होते. बिजली ही त्यांची जोडीदार. लॅब्राडोर कुत्री, डावा कान फाटका, आणि नाक असं की महाडच्या बाजारात कुणाकडे सुकट भाजतायत ते आमच्या ओटीवर बसून सांगेल. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाली. बिजलीला त्याचं अजिबात दुःख नाही. सासरे मात्र अजूनही पहाटे पट्टा हातात घेऊन उभे राहतात, आणि बिजली एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघते. रविवारी साहेबाचा फोन आला की माझा नवरा अक्षय बघतो ना फोनकडे, अगदी तशी.

यंदा निवृत्त श्वानपथकवाल्यांच्या संघटनेनं प्रत्येक कुत्र्याच्या सेवेचं एक चांदीचं स्मारक नाणं काढलं. नाण्यावर कुत्र्याची छबी, शेजारी त्याचा माणूस. घरच्यांनी गुपचूप फोटो पाठवायचा, नाणं आलं की सांभाळायचं, आणि रविवारी पोलादपूरच्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या हातून अचानक द्यायचं. सासऱ्यांना आजवर कसलंच बक्षीस मिळालं नव्हतं. पदकं साहेबांना मिळाली, बिस्किटं बिजलीला. त्यांच्या हातात एकदा तरी काहीतरी पडावं, असं मला फार वाटत होतं.

नाणं आलं. लपवायचं कुठं? कपाट सासूबाई आवरतात, डाळीचे डबे सासूबाई आवरतात, माझी पर्स श्रुतिका आवरते. शेवटी माळ्यावरच्या एका जुन्या फडक्यात गुंडाळून मी ते देव्हाऱ्यात टाकांच्या मागं सरकवलं. देवांच्या मागं कोण हात घालणार?

सासूबाई. दुसऱ्याच सकाळी.

इथं एक सांगायला हवं. माझं लग्न व्हायच्या आधी, बिजली निवृत्त होऊन घरी आली त्या पावसाळ्यात, महाडला मोठा पूर आला, त्यात आमच्या खंडोबाचा टाक वाहून गेला. तेव्हापासून सासूबाई त्या जागेवर सुपारी मांडून पूजा करायच्या आणि दर वेळी उसासा टाकायच्या. आणि आज त्यांच्या हाताला काय लागावं? चांदी, चांदीवर माणूस, माणसाजवळ कुत्रा! चष्मा मिक्सरवर राहिलेला.

"वैशाली, धाव गो! देव परत आला!"

मी धावले. बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं. पण सासूबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

घटकाभरात आळी गोळा झाली. शेजारच्या अनुपमावहिनींनी नाणं नाकाला लावून निरखलं. "खंडोबाच हाय. पण आवडीकाकू, घोडा कुठं हाय?"

"पुरातून आलाय तो," सासूबाई म्हणाल्या. "घोडा गेला आसंल वाहून."

हे सगळ्यांना तत्काळ पटलं. माझ्या फडक्याची घडी देवाचं आसन झाली. भंडारा उधळला गेला. ऐन आरतीत श्रुतिका माझ्या कडेवरून देव्हाऱ्याकडे बोट दाखवून ओरडायला लागली, "बिजू! बिजू!" लेकराला देव दिसतो म्हणत वहिनी तिच्या पाया पडल्या. सासऱ्यांनी मागच्या मागं हात जोडले आणि खोकत ओटीवर गेले. एरवी ओटी न सोडणारी बिजली मात्र आत आली आणि देव्हाऱ्यासमोर फौजदारासारखी ताठ बसली. उठेचना! खंडोबाचं कुत्रं धन्याला वळखतंय, असा आळीनं निकाल दिला.

अक्षयला मुंबईला फोन लावला. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, तू सांग आईला. मी म्हटलं, आई तुझी आहे. यावर त्याची रेंज गेली.

इकडे रविवार जवळ येत चालला. नाणं देव्हाऱ्यातून निघालं नाही तर सासरे हॉलमध्ये रिकाम्या हातानं बसणार आणि बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवणार. मग मला दुसरी युक्ती सुचली. (पहिली इतकी छान पार पडली होती ना!) सासऱ्यांना म्हटलं, पोलादपूरला तुमच्या जुन्या सोबत्यांचा मेळावा आहे, बिजलीलाही बोलावलंय. सासूबाईंना म्हटलं, टाक सोनाराकडून उजळून आणूया, पोलादपूरला.

"महाडातले सोनार मेले काय?"

"तो हातानं उजळतो."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, देव एकटा नाय जायचा, मी येणार.

तर आळीतल्या साहिलच्या रिक्षात मागं सासूबाई, त्यांच्या मांडीवर ताम्हन, ताम्हनात खंडोबा, शेजारी मी, माझ्या मांडीवर श्रुतिका आणि आमच्या सगळ्यांच्या पायांवर बिजली. सासरे पुढं साहिलला चिकटून. देव बसलाय म्हणून साहिलनं पोलादपूरपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

हॉलमध्ये शिरलो. दारातच टेबलावर बाकीच्यांच्या नाण्यांची रांग मांडलेली, प्रत्येकावर एक माणूस आणि एक कुत्रा!

सासूबाई ताम्हन घेऊन थांबल्या. एकेक नाणं न्याहाळलं. "वैशाली, हितं तर खंडोबाची जत्राच भरलीय."

सासरे जुन्या सोबत्यांना भेटायला पुढं गेले होते, मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो, फडकं, देव्हारा, सोनार. शेवटी शेवटी रडूच आलं.

"पयल्या दिवशी फसले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी चष्मा लावला. त्या फाटक्या कानातल्या गोचड्या काढून माझी बोटं झिजली. मला तो कान कळायचा नाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतेस ते बघत व्हते."

"आणि रोजची पूजा?"

"पुराच्या राती आमी गाढ झोपेत. भुंकून भुंकून माळ्यावर चढवलं ते कुणी? टाक वाहून गेला गो. देव नाय गेला." त्यांनी पायाशी बसलेल्या बिजलीच्या डोक्यावर चिमूटभर भंडारा ठेवला.

नाव पुकारलं गेलं. पाहुण्यांनी ताम्हनाकडे हात नेला, तशा सासूबाई म्हणाल्या, "आधी बूट काढा." त्यांनी काढले. बिचाऱ्यांनी कपाळी भंडाराही लावून घेतला, आणि मग उरलेली सगळी नाणी अनवाणीच वाटली.

सासऱ्यांनी नाणं हातात घेतलं, छबीवरच्या कानावरून अंगठा फिरवला. खाली वाकून बिजलीला दाखवलं. तिनं ते हुंगलं, त्यावरचा भंडारा चाटला आणि पाहुण्यांच्या पँटवर शिंकली.

परतताना मी रिक्षात विचारलं, "बाबा, निदान तुम्ही तरी चकित झालात ना?"

"झालो की," ते पुढूनच म्हणाले. "पण नाणं गुंडाळलंस ते फडकं बिजलीच्या सरावाचं. लपवलेलं सापडलं की त्याच्यापुढं ताठ बसायचं, हेच तर तिला शिकवलंय. ती देव्हाऱ्याम्होरं बसली तवाच मी जाऊन बघून आलो."

म्हणजे सासूबाईंना ठाऊक, सासऱ्यांना ठाऊक, बिजलीला तर सगळ्यांत आधी ठाऊक. उरली श्रुतिका. ती बिचारी पहिल्या आरतीपासून घसा फोडून तेच सांगत होती.