हवेनं भरलेला डबा

नरहर मास्तर येताना दिसले, की मी दुकानामागच्या कोठीत जाऊन बसत असे. बायको त्यांना सांगे, "न्हाईत घरात." हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही.

मास्तर इंदापुरात आमचे शेजारी. शाळेत शास्त्र शिकवायचे, आणि आमच्याकडे बसले की हवा नि पोकळी समजावत तास तास उठत नसत. मागून नेलेला डबा ते रिकामाच परत आणत, पण बूच घट्ट लावून.

"वहिनी, रिकामा न्हाय बरं. काठोकाठ भरलेला हाय. हवेनं!"

शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, निदान साखरेची चिमूट तरी घालावी, ही आमच्याकडची रीत. बायको फणकारायची, "मास्तरीणबाई माहेरी गेल्या की ह्यांची हवाच येती."

दुकानात आले तरी तेच. "शेठ, ह्या रिकाम्या पारड्यात काय हाय?"

"काही नाही."

"हवा हाय! तिलाबी वजन असतं." झालं, त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईक म्हणू लागलं, "शेठ, हवा वजा करा!"

सन पस्तीसच्या आसपास त्यांनी शाळेत पोकळी दाखवायची म्हणून आमचा तेलाचा डबा नेला. आत थोडं पाणी उकळलं, वाफ कोंडली, बूच ठोकलं आणि वरून गार पाणी ओतलं. कडाडकन डबा चेपला. पोरं खिडक्यांतून बाहेर. तो चोळामोळा घेऊन मास्तर नाचतच दारात आले.

"बगा वहिनी! कुणी हातबी लावला न्हाय. आत पोकळी झाली अन् भायेरच्या हवेनं चेपला!"

"भायेरच्या हवेनं न्हाय, तुमच्या अकलेनं चेपला!" बायको कडाडली. "हितनं पुढं डबा मागायचा न्हाय."

मास्तरांनी खरंच मागितला नाही. त्याच वर्षी मास्तरीणबाई तापानं गेल्या.

पुढं एका संध्याकाळी ते आले. मी सवयीनं कोठीत शिरलो. फटीतून पाहिलं, तर मास्तरीणबाईंचा पितळी डबा हातात.

"वहिनी, चेपलेल्या डब्याच्या बदली. लाडू हाईत. मीच वळलेत, वाकडेतिकडे झालेत. शेठ हाईत का?"

"न्हाईत."

मास्तर उंबऱ्याशी थांबले. "बरं. घरात एकटं बसलं की भायेरची हवा लई चेपती हो. घटकाभर बोलावं म्हटलं."

बायकोनं कोठीच्या दाराकडं पाहिलं. मी पोत्यावर बसून राहिलो.

महिन्याभरात त्यांची बदली बावड्याला झाली. लाडू आम्ही खाल्ले. दगडासारखे होते, पण गूळ हात न आखडता घातलेला.

डबा अजून आमच्या फळीवर आहे. रिकामा कसा धाडायचा, म्हणून आधी राहिला. नंतर कुठल्या तोंडानं न्यायचा, म्हणून राहिला. बावडा काही लांब नाही. तो डबा भरून नेणं आणि मास्तरांसमोर बसून त्यांची पोकळी शेवटपर्यंत ऐकून घेणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.