चार अंशांवर सासूबाई

थंडाव्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये, असं माझं चौदा वर्षांपासूनचं मत होतं. 'होतं' हा शब्द मी गेल्या महिन्यापासून वापरायला लागलो.

मी फुलांच्या गोदामात कोल्ड रूम सांभाळतो. एका वेळी चाळीस हजार गुलाब चार अंशांवर निजवून ठेवायचे, त्यांना अकाली जाग येऊ द्यायची नाही, हे माझं काम. कंप्रेसर नुसता खाकरला तरी तिसऱ्या खोलीतून मी सांगतो की त्याचं काय दुखतंय. तेव्हा सासूबाई जेवताना सहज म्हणाल्या की त्यांचा फोन हल्ली फार तापतो, आणि मी तोंडातला घास गिळायच्या आधीच जाहीर करून टाकलं की हे माझ्यावर सोडा.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे कॉल जोडले. त्यांचा आवाज असा आहे की 'थांबा' म्हटलं की भिंतीवरचं घड्याळसुद्धा विचारात पडतं. गेल्या वर्षी त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि सहा महिन्यांत मोबाइलवरच्या एका लढाईच्या खेळात पार बुडाल्या. या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात, भोवतीचं वर्तुळ आवळत जातं, आणि शेवटपर्यंत जी टोळी जिवंत राहील ती जिंकते. सासूबाईंच्या टोळीत आणखी तिघं आहेत. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. सासूबाईंचा आवाज ऐकून ते त्यांना निवृत्त लष्करी अधिकारी समजतात आणि 'मेजर' म्हणतात. सासूबाईंनीही त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केलेली नाही.

अडचण एवढीच होती की पंधरा-वीस मिनिटं झाली की फोन इस्त्रीसारखा तापायचा. मग पडदा अंधारायचा, चित्र अडखळायला लागायचं. फोन स्वतःचा जीव वाचवायला वेग कमी करायचा आणि त्यात मेजरचा जीव जायचा. सलग तीन रविवार ऐन शेवटच्या वर्तुळात त्या मेल्या होत्या. आणि पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवू या. मला ते लागलं. घरात हृदयाचा डॉक्टर बसलेला असताना औषधाच्या दुकानात चौकशी करण्यासारखंच की ते.

पहिला उपाय पंख्याचा. टेबलफॅन फोनच्या मागे वीतभर अंतरावर लावला. फोन निवला, पण वाऱ्याचा घोंघाट माइकमधून टोळीला जायला लागला. मेजर हेलिकॉप्टरमधून खेळतायत अशी तिघांची समजूत झाली आणि ते आदराने गप्पच बसले. कोणी काही सांगेना, त्यामुळे सगळेच मेले. सासूबाईंना सर्दी झाली ती वेगळीच.

दुसरा उपाय बर्फाचा. गुडघेदुखीसाठी आणलेली जेलची पिशवी फ्रीजरमधून काढली, फोनच्या पाठीला बांधली. दहा मिनिटं खेळ लोण्यासारखा चालला. मी बायकोकडे पाहिलं. अकराव्या मिनिटाला कॅमेऱ्याच्या काचेआड दव जमलं आणि पडद्यावर सूचना आली की चार्जिंगच्या तोंडात पाणी आहे, चार्जर लावू नये. संध्याकाळपर्यंत फोनने वीज घेतली नाही. सासूबाई फक्त 'हं' म्हणाल्या. त्यांच्या 'हं'मध्ये काय काय असतं ते माझे सासरे सांगू शकले असते, पण ते या विषयावर आयुष्यभर गप्प राहिले.

इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, चूक थंडाव्याची नाहीच, थंडावा तुटपुंजा आणण्याची आहे. एक कोपरा गार आणि बाकी खोली गरम, मग दव जमणारच. सगळी खोलीच गार पाहिजे! आणि अशी खोली माझ्याकडे होती. रविवारी ड्यूटीही माझीच होती. गोदामात दुसरं कोणी नसतं. सुपरवायझर मागच्या क्वार्टरमध्ये राहतात, पण रविवारी दुपारी ते झोपतात.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग विचारलं, "बसायला काय आहे?"

म्हणजे होकार.

अडीच वाजता मी त्यांना गोदामात नेलं. माझा जाड कोट त्यांना घोट्यापर्यंत आला. लिली आणि गुलाबांच्या बादल्यांमधे एक क्रेट पालथा घालून त्यावर पोत्याची घडी टाकली. गरम चहाचा थर्मास दिला. हातमोजे दिले, पण मोज्यांना फोन ओळख देईना, म्हणून त्यांनी देठ कापायची कात्री घेऊन कंपनीच्या मोज्यांची दहाही बोटं शेंड्यावर छाटली. 

तीन वाजायला पाच मिनिटं असताना मी दार सरकवून बंद केलं आणि आतून त्यांचा आवाज आला, "रेंज गेली."

कोल्ड रूमच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांमधे वीतभर फोम. तिथे रेंज येत नाही हे मला माहीत होतं. रोज आठ तास मी तिथे असतो आणि रोज बायकोला हेच कारण सांगतो. पण आदल्या आठवडाभर ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग दाराच्या फटीत क्रेट अडकवला. रेंज आली. खेळ सुरू झाला. तीन मिनिटांनी अलार्म ठणाणा करायला लागला, कारण दार तीन मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं की तो वाजतो. तो मीच बसवलेला आहे. धावत जाऊन पॅनेलला किल्ली लावली आणि अलार्म मुका केला. मोठ्या समाधानाने परत आलो. अलार्म मुका केला की सुपरवायझरच्या फोनवर आपोआप संदेश जातो, ही सोयसुद्धा मीच करून दिली होती. ती मला नंतर आठवली.

बावीस मिनिटं झाली तरी फोन थंडगार होता. पडदा लख्ख, चित्र सळसळतं. सासूबाई आपल्या एक्स्चेंजच्या आवाजात हुकूम सोडत होत्या आणि मी त्यांच्या शेजारी थर्मासचं झाकण धरून उभा होतो. चौदा वर्षांच्या नोकरीत मला असा अभिमान कधी वाटला नव्हता.

नेमके त्या वेळी सुपरवायझर येऊन पोचले. संदेशाने झोपमोड झालेली, पायात वेगवेगळ्या चपला, आणि दाराच्या फटीतून एका बाईचा शांत, थंड आवाज, "कोणी हलायचं नाही. उजवीकडच्या खोलीत दोघं आहेत. मी सांगेन तेव्हाच गोळी."

त्यांनी काय करावं? लाथ मारून क्रेट आत ढकलला, दार सरकवलं आणि बाहेरून खिटी घातली.

रेंज गेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घाबरू नका, अशा खोल्यांना आतून उघडायची मूठ असते, कायदाच आहे तसा. मी मूठ ओढली. ती माझ्या हातात आली. दर महिन्याला मी तपासणीच्या तक्त्यावर 'आतली मूठ' या रकान्यात बरोबरची खूण करत होतो. खूण फार सुबक यायची.

आणीबाणीची घंटा होती. दाबली. ती पॅनेलवर वाजते. म्हणजे मी मुक्या केलेल्या पॅनेलवर.

उरलं होतं दाराचं खालचं रबर. ते एका कोपऱ्यात तीन महिन्यांपासून फाटलेलं होतं आणि बदलायच्या कामांच्या यादीत माझ्या खिशात होतं. माझ्या आळसाने आम्हाला वाचवलं असं म्हणायला हरकत नाही, कारण त्या भोकातून आवाज जात होता. मी फरशीवर पालथा पडलो, भोकाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं की साहेब, मी आहे, दार उघडा.

 मग साहेबांचा दबका आवाज आला, "तू त्यांच्या ताब्यात आहेस का? असशील तर नुसता खोक."

आता चार अंशांवर फरशीला छाती टेकून पडलेला माणूस दुसरं काय करणार? मला खोकल्याची उबळ आली. थांबेचना. साहेबांनी ती मोजली असावी, कारण ते म्हणाले, "सात जण? धीर सोडू नकोस. मी पोलिसांना बोलावतो."

मी वळून सासूबाईंना काही सांगणार, तर त्यांच्या हातातला फोन काळा पडला होता. चाळीस टक्के बॅटरी होती आणि एकदम मिटला. थंडीत बॅटरी आक्रसते. गोदामातल्या ट्रॉलीच्या बॅटऱ्या आम्ही म्हणूनच बाहेर ठेवतो. ठेवायला मीच सांगितलं होतं.

त्या काही बोलल्या नाहीत. 'हं'सुद्धा नाही. नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि छाटलेल्या मोज्यांतून बोटं निळसर दिसत होती. तेव्हा पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. खेळाचं सोडा, एका एकाहत्तर वर्षांच्या बाईला मी फुशारकीपायी गुलाबांच्या शेजारी ठेवून दिलं होतं. मी म्हणालो, "आई, माझं चुकलं."

"ते नंतर बोलू," त्या म्हणाल्या. "जरा सरका."

त्यांनी कोट सावरला, पोत्याची घडी फरशीवर टाकली, सावकाश गुडघे टेकले, भोकापाशी वाकल्या आणि एकतीस वर्षांच्या सवयीने सुरुवात केली. "नमस्कार. पलीकडून कोण बोलतंय?"

बाहेरून गोंधळलेल्या आवाजात उत्तर आलं की सुपरवायझर.

"आपण लाइनवरच राहा. आत दोन माणसं आहेत. मी आणि आपले जावई, म्हणजे माझे. आम्ही खेळत होतो. आपल्या उजव्या हाताला खिटी असेल, ती वर उचला."

"हो मॅडम," साहेब म्हणाले आणि खिटी उचलली गेली. गेली चौदा वर्षं मी त्या माणसाकडे साधी रजा मागताना अर्धा तास बोलतो.

बाहेर आल्यावर साहेब आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मी सगळं सांगत होतो, पण सासूबाई ऐकत नव्हत्या. त्यांनी फोन कोटाच्या आत काखेत धरला होता. पाचेक मिनिटांनी तो सुरू झाला. त्यांनी रुमालाने दव पुसलं, खेळ उघडला, आणि त्या जागच्या जागी ताठ झाल्या. सामना अजून चालू होता! मेजर ज्या झुडपात होत्या त्याच झुडपात निपचित पडून होत्या. नशिबाने वर्तुळही त्याच झुडपाभोवती आवळत आलं होतं. टोळीतले बाकीचे तिघं मेले होते. समोरच्या टोळीचे दोघे उरले होते आणि ते त्या झुडपाला झुडूपच समजून त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

दोन गोळ्या. सामना संपला.

फोनमधून तिघांचा जल्लोष बाहेर आला. एवढा वेळ न हलता, न बोलता पडून राहायचं, हा संयम मेजरांनी कुठे कमावला, असं त्यातला एक जण विचारत होता. सासूबाई म्हणाल्या, "खात्यात."

साहेब इतका वेळ त्यांच्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी अदबीने विचारलं की फोन जरा पाहू का. ते स्वतः हाच खेळ खेळतात, हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी फोनचं जाडजूड कव्हर काढलं. खेळताना चार्जर लावता का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, कायम. तो लावायचा नाही, साहेब म्हणाले. मग त्यांनी पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, खेळातल्या चित्राचा दर्जा 'सर्वोच्च' होता तो 'मध्यम' केला आणि फोन परत दिला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यानंतर फोन तापलेला नाही.

दारालगतचे साडेतीनशे गुलाब त्या दुपारी भलत्याच वेळी पूर्ण उमलले. त्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. मूठ आणि रबर मी त्याच संध्याकाळी बदललं, आणि आता तक्त्यावर खूण करायच्या आधी मूठ खरोखर ओढून बघतो. साहेब हल्ली दर रविवारी तीन वाजता आमच्या घरी सासूबाईंच्या टोळीत खेळायला येतात. कोचावर दोघांपुरतीच जागा आहे.

गेल्या गुरुवारी आमचा फ्रीज गार करायचा थांबला. मी घरातच होतो. पेपर वाचत होतो. बायकोने माझ्यासमोर फोन उचलला आणि मेकॅनिकला बोलावलं. तो आला, फ्रीजच्या मागे शिरला आणि म्हणाला, काका, जरा टॉर्च धरता का?

मी धरला. अजिबात न हलवता धरलास, असं बायको नंतर म्हणाली.