जुईच्या खुर्चीचं जेवण

"मोबाईल? ह्या घरात? नाय गो बाय!" अप्पांनी असं काही ठणकावलं की नम्रताने फॉर्मवर ‘स्क्रीन : शून्य मिनिटं’ लिहूनही टाकलं.

नम्रता सरकारी संशोधनाचं काम करणारी मुलगी. टीव्ही-मोबाईलने लहान मुलांच्या वाढीवर काय परिणाम होतो, ते शोधायला ती लालबागच्या चाळी पालथ्या घालत होती. तिने एक लाल बंडी दिली. खिशात काडेपेटीएवढं यंत्र. उद्या दिवसभर ते जुईच्या अंगावर राहणार आणि घरात जे जे वाजेल ते टिपणार.

अप्पांची नात जुई पावणेतीन वर्षांची झाली, तरी अजून ‘आई’ म्हणत नव्हती. कान तपासून झाले, ठीक निघाले. वाट बघा, म्हणाले डॉक्टर. वाट बघून बघून सुनेचे, दर्शनाचे, डोळे शिणले होते. ऑफिसला निघताना ती रोज विचारी, "अप्पा, तिला मोबाईल दाखवत नाही ना?" आणि अप्पा रोज मान हलवीत.

खरं असं, की दुपारी हत्तीचं गाणं लावल्याशिवाय जुई तोंडच उघडत नसे. अप्पा सवयीने आपल्या आईचे जुने बोल म्हणत, "बस गो बाये पाटार, भात इलो ताटार," पण हत्तीच्या ढोलताशापुढे म्हाताऱ्याचं कोण ऐकतो! पोरीची वाचा आपणच त्या हत्तीच्या पायाखाली घातली, हे त्यांना आतून कुरतडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळभर अप्पा यंत्राला ऐकू जावं म्हणून बोलत सुटले. बांगडा, सुरमई, मोरी, सगळे मासे. गिरणीतली सगळी खाती. मालवणातली सगळी भावंडं. घसा बसला. जुई गप्प. जेवणाची वेळ झाली आणि तिने मोबाईलकडे बोट केलं.

बंडी कपाटात ठेवावी, तर यंत्र बहिरं होईल आणि संशय येईल. अप्पांनी डोकं चालवलं. बंडी काढली, गॅलरीतल्या जुईच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीला घातली. चाळीचा गलका ऐकू दे, पोर खेळतेय असं वाटेल. मग आत हत्ती सुरू झाला, आणि सकाळभरच्या भाषणाने दमलेले अप्पा बसल्या जागी घोरू लागले.

जागे झाले तर मोबाईलची बॅटरी संपलेली, जुई नाही, वाटीही नाही! धावत गॅलरीत आले. जुई खुर्चीसमोर मांडी घालून बसली होती. वाटी रिकामी, जुईचे गाल भरलेले, आणि बंडी गळ्यापासून खिशापर्यंत वरणभाताने माखलेली.

अप्पांनी बंडी पुसली, पंख्याखाली धरली, पोरीला चढवली. संध्याकाळी नम्रताने नाक जवळ नेलं. "याला हिंगाचा वास कसा?"

"पोरीन सांडल्यान," अप्पा म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

आठवड्याने, रविवारी, नम्रता लॅपटॉप घेऊन हजर. "दर्शनाताई, तुम्ही हे ऐकायलाच हवं."

अप्पांनी भिंतीला पाठ टेकली. आता मेलो.

लॅपटॉपमधून आधी शेजारच्या शेवंतीचं भांडण आलं. मग लांबून ढोलताशा. मग घर्रर्र.

"हे इंजिन कसलं, ते आमच्या ऑफिसात कुणालाच कळेना," नम्रता म्हणाली.

"ते आमचे सासरे," दर्शना म्हणाली.

ढोलताशा थांबला. पावलं वाजली, वाटी टेकल्याचा आवाज आला. आणि मग, चिमणीने पहिल्यांदा पंख झाडावेत तसा, एक आवाज:

"बश गो बाये पातार... भात इलो तातार." जरा थांबून, "हत्ती गेलो. अप्पा निजलो. तू जेव."

दर्शनाने तोंडावर हात धरला. डोळ्यांतून धारा. मग त्या धारांसकट तिने मान वळवली. "हत्ती कुठला, अप्पा?"

नातीचं आयुष्यातलं पहिलं बोलणं म्हणजे आजोबांविरुद्धची साक्ष! नम्रताने फॉर्म काढला. "अप्पा, हे शून्य बदलावं लागेल."

अप्पांनी त्या यंत्राला हात जोडले. सुनेकडे वर बघायचा धीर होईना. "लिव गो बाये, व्हयी तितकी मिन्टां लिव. चुकलंय मी. पण ता परत एकदा लाव."

दर्शना नाक पुसत हसली. तिने स्वतःच बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा अप्पांना हुंदका आवरेना, तशी कोपऱ्यात बसलेली जुई उठली. बिस्किटाचा तुकडा तिने त्यांच्या तोंडापाशी धरला.

"गप, अप्पा. जेव."

अप्पांनी निमूट तोंड उघडलं.