कोरडं कपाट आणि ओला गॅस

कपाटाला ओल लागणार नाही म्हणजे नाही, असं त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि लागली नाहीच की! मुलाखतीसाठी काढलेला तिचा कोट अगदी खडखडीत कोरडा. कपड्यांखाली त्याने पांढऱ्या मण्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या.

"आणले कुठून हे?"

"आमच्या गॅस पंपावरून. गॅसमधला ओलावा शोषायला टाकीत बादल्या बादल्या भरतात. भरणारा मीच. अर्धे काढले म्हणून काय आभाळ कोसळतंय? चल, गाडीने सोडतो. पहाटेच गॅस भरलाय, माझ्या हाताने."

ही नोकरी मिळावी म्हणून बायकोने जिवाचं रान केलं होतं. गॅस कंपनीत तपासनीस व्हायचं होतं तिला. आज उशीर झाला तर सगळंच मुसळ केरात.

पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि मान टाकली. त्याने रुबाबात बॉनेट उघडलं. गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरवर बर्फ!

"गॅसमध्ये पाणी आहे," तो जाणकारासारखा म्हणाला. "दाब उतरला की गॅस गार पडतो, पाणी गोठतं, वाट बंद. कुठल्या मूर्खाने..." आणि त्याला कपाटातल्या पुरचुंड्या आठवल्या.



त्यांनी टॅक्सी पकडली. पुढच्या चौकात तीही बंद. ड्रायव्हरने नवऱ्याच्या शर्टावरचं पंपाचं नाव वाचलं. "तुमच्याकडेच भरला होता, साहेब," तो थंडपणे म्हणाला.

टॅक्सीच्या पुढे आणखी एक गाडी बॉनेट उघडून उभी होती. शेजारी गॅस कंपनीच्या मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. मुलाखत घेणार होत्या त्याच! बायकोने पुढे होऊन ओळख करून दिली.

"मग इथेच सांगा," बाई म्हणाल्या. "गाडी का बंद पडली?"

बायकोने रेग्युलेटरवरचा बर्फ दाखवला, गॅसमधलं पाणी कसं गोठतं ते सांगितलं. नवरा मागून खोकला, त्याने डोळे मोठे केले, हात जोडले.

"पंपावरचे मणी कुणीतरी घरी नेले असणार," ती शांतपणे म्हणाली.

"कशाला नेईल कुणी?"

"कपाट कोरडं राहतं, मॅडम."

बाई पोट धरून हसल्या. नोकरी तिथेच पक्की झाली. पहिली तपासणी याच पंपाची, उद्याच.

घरी आल्यावर त्याची छाती पुन्हा फुगली. "बघ, कोट कोरडा होता म्हणून छाप पडली."

तिने सगळ्या पुरचुंड्या बादलीत रिकाम्या केल्या आणि बादली त्याच्यापुढे ठेवली.

"अहो, तुमचं नाव मी अहवालात लिहिणारच आहे. पण हे मणी आजच पंपावर पोचवून या. गाडी पुलावर आहे, तेव्हा चालत."