नानांची गाडी

रेवा, ईशान, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की मनात काय चाललंय ते बघायला शिकवणारा क्लास लावलाय, आणि डोळे मिटले की तुम्हाला झोपच लागते. म्हणून आमच्या शेजारच्या नानांबद्दल आत्ताच लिहिते. नानांनी क्लास लावलेला नाही, आणि डोळे तर ते मुळीच मिटत नाहीत.

नाना एसटीत कंडक्टर होते, धुळे-साक्री मार्गावर. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या गाडीत विचार बसतात. दूधवाल्याशी वाद रंगात आला की ते मध्येच हात वर करतात. “थांब. राग चढना शे. बसू दे त्याले, साक्रीले उतरी जाई.” दूधवाला मोटरसायकलला टेकून साक्री यायची वाट बघतो. भांडण राहून जातं. दूध मात्र पातळ ते पातळच.

अंगाचीही तीच तऱ्हा. सकाळी ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ते सांगतात, “अंगठाले लोटा गार लागी ऱ्हायना.” थोड्या वेळानं, “पायले ऊन लागी ऱ्हायनं.” अशा बातम्यांत माझा पेपर वाचून होईना. एक दिवस मी स्पष्ट सांगायला गेले.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. अक्का दारातच खुर्चीत होत्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण डाव्या हाताला स्पर्श कळेना. त्या हातानं रोज वस्तू चाचपायच्या आणि काय जाणवतं ते लक्ष देऊन बोलायचं, असा व्यायाम डॉक्टरांनी दिला होता. अक्का तोंड उघडायला तयार नव्हत्या.

नाना मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “बाई, एकलीले लाज वाटस तिले. म्हनीसन मी बी करस.”

मी पेपर दुपारी वाचायला लागले. हळूहळू दारातून अक्कांचाही आवाज येऊ लागला. पण रोज एकच उत्तर. “काहीच नही.”

या हिवाळ्यात गल्लीची भरीत पार्टी शेतावर झाली. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजायला घातली आणि उलटवायचं काम, आमचीच चूक, नानांना दिलं. नाना जाळासमोर स्तब्ध. “डोयामा धूर चढना शे.” वांगी एका अंगानं कोळसा झाली.

“आहो, डोया मंग देखा,” अक्का खुर्चीतून म्हणाल्या. “पहिले वांगं देखा.”

बरं निघालेलं एक वांगं नानांनी सोललं, केळीच्या पानावर ठेवलं, आणि सवयीनं अक्कांचा डावा अंगठा त्याला टेकवला. “काय लागनं?”

अक्कांनी हात झटकन मागे घेतला. “चटका बसना ना माले.”

मग त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

नाना विझत आलेल्या काड्या उगाच सारत बसले. शेवटी मीच विचारलं, “नाना, आज कोण चढलं?”

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “बाई, आज गाडी फुल शे.”

भरीत थोडं करपटच झालं. आम्ही सगळ्यांनी मागून घेऊन खाल्लं.

अक्कांच्या करंगळीला अजून काही कळत नाही. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला कळतं. सकाळी ओट्यावरून आता दोन आवाज येतात.