द्वारकाच्या गेममधली चोरवाट

आष्टीच्या जिनिंगवरचा कारकून कल्याण नको म्हणणार होता. पण नको म्हटलं की बायको, द्वारका, ‘का’ विचारते, आणि त्या ‘का’चं उत्तर देण्याइतका जीव त्याच्यात उरला नव्हता. कापसाचा हंगाम चालू होता. पाठ टेकायला मिळे ती फक्त रविवारच्या दुपारी. म्हणून त्याने द्वारकाच्या हातातला मोबाइल मुकाट्याने घेतला.

“मी दळण घेऊन येते. तवर ही पोरगी चालती ठेवा,” द्वारका म्हणाली. “नुसता अंगठा दाबून धरा. थांबली की तिला जाग येते, अन् मंग सगळं पहिल्यापासून!”

पोरगी म्हणजे गेममधली. ती झोपायची आणि स्वतःच्याच स्वप्नात भटकायची. (कल्याणला तिचा हेवा वाटला. झोपेपुरता; भटकणं त्याचंही चालूच होतं.) त्या स्वप्नात कुठंतरी एका भिंतीआड चोरवाट होती म्हणे. तिच्यापायी द्वारका आणि शेजारची अंबरीन, दोघींचा जीव टांगणीला लागला होता आणि दोन्ही घरची वरणं बिनफोडणीची झाली होती.

कल्याणने अंगठा दाबला. पोरगी कोरड्या तळ्याकाठून निघाली. पाय फुटलेले दिवे तिच्या मागं मागं चालले. बघता बघता कल्याणची हनुवटी छातीला टेकली.

जाग आली ती कुणाच्या तरी श्वासाने. आपणच घोरतोय असं त्याला वाटलं, पण आवाज मोबाइलमधून येत होता. पडद्यावर काळपट लाल, अरुंद, न संपणारा बोळ. भिंतींतून हात बाहेर आलेले. पोरगी जाईल तिकडं ते वळत होते. आणि पार टोकाला खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. ते मान वळवू लागलं तसा कल्याणच्या अंगावर सर्रकन काटा आला, अंगठा सुटला आणि पोरगी जागी झाली.

तेवढ्यात द्वारका पिठाचा डबा घेऊन दारात.

“अगं, भिंतीतून हात येतेत त्यात!”

डबा पडता पडता राहिला. “म्हंजे चोरवाट सापडली? कुठून गेल्ते?”

या घरात कल्याणला कुणी काही विचारल्याला जमाना झाला होता. “डोकं लागतं त्याला,” तो म्हणून गेला.

अंबरीन धावत आली. चहा आला, पाठोपाठ गरम भजी आली. कल्याणने पोरगी एकेका भिंतीवर नेऊन आदळली. भजी संपली, पण भिंत काही सरकेना.

“भाई, मघाशी काय केल्तं? बराबर तसंच करा की.”

“काय करून राह्यले हो?” द्वारका वैतागली.

कल्याणने मान खाली घातली. “बराबर सांगू का? मी झोपलो होतो.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

“मंग झोपा,” अंबरीन म्हणाली. “जल्दी.”

आणि अख्ख्या हंगामात जे मागून मिळालं नव्हतं ते सगळं हजर झालं. गादी, उशी, पंखा, बंद खिडक्या. अंबरीनने गल्लीतली पोरं हाकलली. द्वारकाने त्याचा अंगठा पडद्यावर बेतून ठेवला. दोघी उशाशी बसल्या.

कल्याणने डोळे मिटले. मिटल्याबरोबर तो बोळ, ते हात, ती खुर्ची! त्याने हळूच एक डोळा उघडला. वर दोन चेहरे वाकलेले.

“झोप येऊन राह्यली का?”

“न्हाई.”

त्याने कूस बदलली, अंक मोजले, रामनाम घेतलं. दुपार सरली, गल्लीत पोरं परतली, तरी त्याचे डोळे टक्क उघडे.

शेवटी द्वारकाने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

“जाऊ दे अंबरीन. एवढं एकच काम जमायचं यांना,” ती सुस्कारा टाकत म्हणाली, “आता तेबी येईना.”