पालखीचा क्रम लवूने लावला

लवू हातणकरने लिनक्स शिकायचं ठरवलं ते ज्ञानासाठी नव्हे, भावेशवर चिडून. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लवू सतरा वर्षं अटेंडंट. सगळ्या मशीनवर लिनक्स आलं तेव्हा ऑफिसातला भावेश म्हणाला, "काका, तुम्हाला नाही झेपायचं. तुम्ही आपले पंखे बंद करा." लवूने पंखे बंद केले आणि तो थेट लॅबमध्येच भरणाऱ्या रविवारच्या लिनक्स वर्गात जाऊन बसला.

वर्ग घेणाऱ्या योगिनी मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढ्या. "हात चालवल्याशिवाय हे येत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने घरची एक फाईल आणा. पण आधी तिची कॉपी करा. इथे 'खरंच करू का?' असं मशीन विचारत बसत नाही."

लवूने पेन ड्राइव्हवर नेली वाडीच्या पालखीची यादी. शिमग्याला देवाची पालखी तेवीस घरी जाते. कुणाकडे आधी आणि कुणाकडे नंतर, हा मान पिढ्यान्पिढ्यांचा. तो सगळा क्रम वाडीतल्या एकट्या रावजीआबांना पाठ होता. गेल्या वर्षी त्यांनी तो सांगितला, लवूने घरच्या कॉम्प्युटरवर टाईप केला, आणि दिवाळीत आबा गेले. आता तो क्रम होता तो पेन ड्राइव्हवरच्या त्या एकाच फाईलीत.

"आबांची यादी नेताय?" बायको, म्हणजे दर्शना, म्हणाली. "कुठंतरी उतरवून तरी ठेवा."

"कॉपीवर शिकणं म्हणजे बादलीत पोहणं," लवूने तिला ऐकवलं. (मॅडमनाही हेच ऐकवायचं होतं, पण त्या तेवढ्यात पुढच्या बाकाकडे गेल्या.)

लवूने 'सॉर्ट'ची, म्हणजे ओळी अकारविल्हे लावायची कमांड ठोकली, तीही थेट मूळ फाईलीवर. पडदा काहीच बोलला नाही. (लिनक्समध्ये गप्प बसणं म्हणजे काम सुरळीत झालं. घरात याच्या नेमकं उलट असतं.) फाईल उघडली तर सगळी आडनावं शाळेतल्या हजेरीपटासारखी ओळीने उभी. पहिले आग्रे, शेवटचे हातणकर. क्षणभर त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, आबांचा क्रम पुसला गेला.

"मॅडम, हे मागे घ्यायची कमांड?"

"कॉपी," मॅडम म्हणाल्या.

खरं सांगून मोकळं होता आलं असतं. पण दारात चहाचा कप घेऊन भावेश उभा होता. लवूने छाती काढून तीच यादी छापली आणि शिमग्याआधी देवळाच्या खांबाला चिकटवली.

संध्याकाळी सगळी वाडी देवळात. बाबल्या पाष्टे यादीवर बोट आपटत ओरडला, "लवू, ह्ये काय? पयला मान आमचा हाय!"

"बरं, मग दुसरा कुणाचा?" लवूने विचारलं.

"आमचा!" अकरा जण एकदम म्हणाले, आणि लगेच एकमेकांवर धावून गेले.

त्या गलक्यातून ठमाबाई आग्रे पुढे आल्या. त्यांचं घर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे एकटंच. नंबर कायम तेविसावा. तिथे पोचेपर्यंत ढोलवाले दमलेले, हार सुकलेले.

"लवू, खरा काय रं?" त्यांनी हळूच विचारलं. "पालकी पयली माज्याकडं? मी अंगान सारवून ठेवलंय."

लवूने चूक कबूल करायला तोंड उघडलं होतं, ते त्याने वेगळ्याच कामाला लावलं.

"खरं! देवाला बाराखडी कळते. मान आम्ही ठरवले, त्याने नाही. यादी चुकीची वाटत असेल तर आबांची यादी आणून दाखवा. ही इथल्या इथे फाडतो!"

यादी कुणीच आणली नाही. दर्शना बायकांत उभी होती, ती ठमाबाईंकडे बघून घराकडे वळली.

शिमग्याला पालखी पहाटे पऱ्या ओलांडून गेली. ताज्या दमाचे ढोल कडाडले. ठमाबाईंच्या अंगणात पालखी इतकी नाचली की बाबल्याही खांदा द्यायला पुढे झाला. ओटी भरताना म्हातारी रडली. लवूला वाटलं, या एका गोष्टीसाठी सगळ्या वाडीशी भांडायला आपण तयार आहोत.

मग त्याला भूक लागली. पालखी घरी येऊन गेल्याशिवाय हातणकर जेवत नाहीत. त्यांचा मान पूर्वी चौथा, म्हणजे नऊ वाजता ताटावर. आता तेविसावा. घरोघर लोक लाडू खात होते आणि उपाशी लवू पालखीमागून चालत होता. दिवेलागणीला पालखी त्याच्या अंगणात टेकली तेव्हा ढोलवाले घरी गेले होते. भोयांनी फक्त पाणी मागितलं.

शेवटी तो पाटावर बसला. दर्शनाने भात वाढला.

"आबांचा क्रम मी उतरवून ठेवला होता," ती म्हणाली. "तुम्ही फाईल वर्गात नेलीत त्याच सकाळी, कॉम्प्युटरवर बघून. कॅलेंडरच्या पाठी."

घास हातातच राहिला. "मग दिला का नाहीस?"

"देणारच होते. पण देवळात ठमाबाईंचं तोंड बघितलं आणि घरी येऊन चुलीत घातला."

"म्हणजे आपण आता कायमचे शेवटचे?"

"रविवारी मॅडमना विचारा," दर्शना आमटी वाढत म्हणाली, "दिवसभर उपाशी राहायची काही कमांड असते का. आणि ती तरी आधी कॉपीवर करून बघा."